चेक इंजिनचा दिवा, पी०१७१ आणि बाबांचे कान

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे", "ते आपलं" बरेचसे गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग गाडीवर आहे, पण नवीन गाडी कुठली घ्यावी वगैरे नाही. जुन्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला की आत कॉम्प्युटरने काय लिहून ठेवलेलं असतं, ते आपण स्वतः कसं वाचायचं आणि मुख्य म्हणजे वाचल्यावर त्याचा अर्थ काय लावायचा, यावर बोलायचंय.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. गेल्या दिवाळीत साताऱ्याला गेलो तेव्हा बाबांच्या गाडीत तो पिवळा दिवा लागलेला होता. बाबा म्हणाले, "अरे, तो जुलैपासून आहे. सेन्सर बदलला, आठ दिवस गेला, परत आला." ऑक्सिजन सेन्सरचे साडेचार हजार झाले होते. आता गॅरेजवाल्यांनी टाकीतला पेट्रोल पंप बदला म्हणून सांगितलं होतं, त्याचे नऊ हजार. आणि तेवढ्याने नाही भागलं तर "ईसीएम बघावा लागेल." ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. त्याचा आकडा ऐकून बाबांनी गाडी विकायचं जवळजवळ ठरवलंच होतं. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, एक लाख दहा हजार किलोमीटर, एका हाताने चालवलेली. कंपनी कुठली ते मुद्दाम सांगत नाही, कारण जे झालं ते बारा वर्षांच्या कुठल्याही गाडीत होऊ शकतं.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. पान्याशी माझा संबंध स्टेपनी बदलण्यापुरता. पण एरर कोड हे माझं रोजचं काम आहे, आणि एक गोष्ट मला पहिल्या नोकरीत पहिल्याच महिन्यात कळली होती: एरर जिथे दिसतो तिथेच बिघाड असतो असं नाही. पेमेंट अडकलं म्हणून एरर येतो, पण चूक कुणीतरी तीन पायऱ्या आधी करून ठेवलेली असते. गाडीच्या कोडचंही हुबेहूब तसंच आहे.

आधी थोडा इतिहास, लवकर उरकतो. ही पद्धत अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातून आली. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे तिथल्या हवा मंडळाने गाड्यांच्या मागे लागायला सुरुवात केली आणि १९८८ पासून गाडीने स्वतःचे दोष स्वतः ओळखावेत असा नियम आणला. तेव्हा प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं आणि कोड वेगळे. मग १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या गाड्यांना एकच सॉकेट आणि एकच भाषा सक्तीची झाली, ती ओबीडी-२. युरोपात पेट्रोल गाड्यांना हे २००१ ला आलं. आपल्याकडे बीएस-४ सोबत एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा. म्हणजे हा सगळा खटाटोप मुळात धुरासाठी आहे, तुमच्या सोयीसाठी नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तुमची गाडी २०१३ नंतरची असेल तर स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर कुठेतरी सोळा पिनांचं सॉकेट सापडेलच. २०१० ते २०१३ मधल्या बऱ्याच गाड्यांतही असतं. त्याहून जुनी असेल तर नशिबाचा भाग. जुन्या मारुती-सुझुकीच्या एमपीएफआय गाड्यांत वेगळीच गंमत होती: दोन ठरावीक टर्मिनल तारेने जोडायची, चावी ऑन करायची आणि डॅशबोर्डवरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. एकदा, मग थांबून दोनदा, म्हणजे १२, सगळं ठीक. एकदा आणि तीनदा म्हणजे १३, ऑक्सिजन सेन्सर. आमच्या गल्लीतले मेस्त्री अजून हे बोटांवर मोजतात. पण ही तार सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये अंदाजाने घुसवू नका. त्यातल्या सोळाव्या पिनेवर बॅटरीचे बारा व्होल्ट थेट येतात. चुकीच्या जागी जोडलंत तर खरोखरच ईसीएम घ्यावा लागेल.

सॉकेट असेल तर एक ईएलएम३२७ अ‍ॅडॅप्टर लागतो. काडेपेटीएवढी वस्तू, ऑनलाइन काही शे रुपयांपासून मिळते. मूळ ईएलएम३२७ ही एका कॅनेडियन कंपनीची चिप. बाजारात जे मिळतं ते बहुतेक नक्कल असतं. कोड वाचण्यापुरतं चालतं, पण जुन्या गाडीसाठी घेताना एक बघा. नव्या गाड्या कॅन नावाच्या पद्धतीने बोलतात, सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवरून. जुन्या बऱ्याच गाड्या सातव्या पिनेवरच्या के-लाइनवर बोलतात, आणि काही स्वस्त नकलांमध्ये नेमका तोच भाग नीट चालत नाही. मग अ‍ॅप म्हणतं "गाडीशी संपर्क होत नाही" आणि आपल्याला वाटतं गाडीच बिघडली. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफायवाला किंवा ब्लूटूथ एलई वाला घ्या. फोनमध्ये टॉर्क किंवा कार स्कॅनर यांपैकी कुठलंही अ‍ॅप. अ‍ॅडॅप्टर लावा, चावी ऑन करा, ब्लूटूथचा पिन १२३४ किंवा ००००. आणि काम झालं की काढून ठेवा. एक तर तो बॅटरी पितो, आणि दुसरं, ज्याचा पासवर्ड १२३४ आहे असं यंत्र गाडीला कायमचं लावून ठेवणं माझ्यासारख्याला झोप येऊ देत नाही.

बाबांच्या गाडीला लावलं. उत्तर आलं पी०१७१. गॅरेजच्या चिठ्ठीवरही हेच होतं, म्हणजे कोड वाचण्यात त्यांची काही चूक नव्हती.

हा कोड उलगडून बघू. पी म्हणजे पॉवरट्रेन, इंजिन-गिअरबॉक्स. बी असेल तर बॉडी, सी म्हणजे चासी, यू म्हणजे आतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. पुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना समान आहे. तिथे १ असेल तर तो कंपनीचा स्वतःचा, आणि मग नेटवर सापडलेला अर्थ दुसऱ्याच कंपनीचा असू शकतो, जपून. तिसरा आकडा विभाग सांगतो: १ आणि २ हवा-पेट्रोलचं मोजमाप, ३ इग्निशन आणि मिसिंग, ४ धूर नियंत्रण, ५ वेग आणि आयडलिंग, ६ कॉम्प्युटर, ७ गिअरबॉक्स. शेवटचे दोन नेमका दोष.

माझ्यासारख्या किडेखोरांसाठी: अ‍ॅपशिवाय थेट टर्मिनलवरून "०३" पाठवलं तर या गाडीने उत्तर दिलं ४३ ०१ ७१ ०० ०० ०० ००. ४३ म्हणजे "०३ ला उत्तर", आणि पुढचे दोन बाइट, ०१ ७१, हाच कोड. पहिल्या बाइटचे वरचे दोन बिट ठरवतात पी, सी, बी की यू. सगळा जादूटोणा एवढाच.

आता पी०१७१ चा अर्थ. अ‍ॅप लिहितं "सिस्टीम टू लीन, बँक १". लीन म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. बँक १ म्हणजे इंजिनची पहिली बाजू. आपल्या चार सिलिंडरच्या साध्या गाड्यांना एकच बाजू असते, त्यामुळे तिकडे लक्ष देऊ नका.

इथेच सगळी गोची होते. नेटवर शोधलंत तर खाली यादी येते: ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोल पंप, इंजेक्टर, फिल्टर, हवेची गळती. आणि गॅरेजमध्ये ती यादी वरून खाली बदलत जातात, आपल्या पैशाने. पण कोड "सेन्सर खराब" असं म्हणतच नाहीये. सेन्सरची वायरिंग तुटली, हीटर जळला, याचे कोड वेगळे आहेत, पी०१३० च्या आसपासचे. पी०१७१ हे गाडीचं गाऱ्हाणं आहे: "मी पेट्रोल वाढवत वाढवत नेलं, तरी मला हवा जास्तच दिसतेय, आता माझी मर्यादा संपली." बास. कुठला पार्ट बदला हे त्यात कुठेही नाही.

हे "वाढवत नेलं" नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे सायलेन्सरच्या वाटेवरचा सेन्सर बघतो. ऑक्सिजन जास्त दिसला की कॉम्प्युटर पेट्रोल थोडं वाढवतो, कमी दिसला की घटवतो, सेकंदा-सेकंदाला. याला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती टक्क्यात दिसते. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताची तडजोड, लाँग टर्म म्हणजे लागलेली सवय. शून्याच्या आसपास, पाच-सात इकडेतिकडे, हे निरोगी. दोन्हींची बेरीज वीस-पंचवीसच्या पुढे जाऊन तिथेच राहिली की बहुतेक गाड्या पी०१७१ लिहितात. तेही एकदा दिसलं म्हणून लगेच दिवा लावत नाहीत. साधारण दोन फेऱ्यांत सलग दिसलं की मग दिवा.

(बोलताना एक मुद्दा सुटला होता, तो इथे घालतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतोच, त्याला जळायला बाहेरची हवा कमी लागते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या हिशोबाने बांधलेल्या जुन्या गाडीची ट्रिम मुळातच काही टक्के वर राहते. निव्वळ त्याने दिवा सहसा लागत नाही, पण आधीच काठावर असलेल्या गाडीला तेवढा धक्का पुरतो.)

दिवा लागतो त्या क्षणी कॉम्प्युटर अजून एक गोष्ट करतो, जी कुणीच बघत नाही. तो त्या क्षणाचा फोटो काढून ठेवतो. फ्रीझ फ्रेम. आरपीएम किती, वेग किती, इंजिन किती गरम, ट्रिम किती. आमच्या गाडीची होती: ७६० आरपीएम, वेग शून्य, पाणी ८४ अंश, शॉर्ट टर्म अधिक ९, लाँग टर्म अधिक १६. म्हणजे गाडी सिग्नलला किंवा दारात नुसती उभी असताना हे झालंय. खंबाटकीच्या चढावर नाही, हायवेवर नाही.

कोड पुसण्याआधी ही फ्रेम लिहून घ्या. फोटो काढा, आईशप्पथ विसरू नका. कोड पुसला की फ्रेम जाते, बऱ्याच गाड्यांत ट्रिमची सवयही जाते. आपण जिला "दिवा घालवला" म्हणतो ती खरं तर पुरावा नष्ट करण्याची क्रिया असते. बॅटरीची केबल काढून दिवा घालवणं हेही तेच.

मग इंजिन चालू करून जिवंत आकडे बघितले. आयडलिंगला बेरीज अधिक २३. बाबांना म्हटलं, जरा रेस द्या, अडीच हजारावर धरा. बेरीज हळूहळू उतरली, अधिक ६ वर येऊन थांबली. सोडलं, परत २३.

आता बघा, पेट्रोल पंप दमलेला असता तर काय झालं असतं? इंजिन जितकं जास्त मागेल तितका पंप कमी पडेल. रेस दिल्यावर, चढावर, ट्रिम वाढायला हवी. इथे उलटं होतंय. म्हणजे नऊ हजारांचा पंप यादीतून बाद, एक पानाही न फिरवता. फिल्टर आणि इंजेक्टर तुंबलेले असण्याची शक्यताही याच न्यायाने बरीच कमी झाली. उरलं काय? उभ्या गाडीत ठळक होणारी आणि रेस दिल्यावर विरघळणारी चूक. थोडीशी परकी हवा कुठूनतरी येतेय, आणि इंजिनची स्वतःची हवा वाढली की तिचं प्रमाण नगण्य होतंय.

इथपर्यंत मी आलो आणि अडकलो. इनटेकच्या सगळ्या नळ्या चाचपल्या, कुठेही तडा नाही. मग कोपऱ्यावरच्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी ना फोन बघितला ना ट्रिम. एक प्लग काढला आणि माझ्या हातात ठेवला. काळा कुळकुळीत, काजळी धरलेला.

म्हणजे कोड म्हणतो पेट्रोल कमी आणि प्लग म्हणतो पेट्रोल जास्त! दोघंही खरं बोलत असतील तर एकच शक्यता राहते: सिलिंडरमध्ये पेट्रोल खरं तर कमी नाहीच, पण सेन्सरपर्यंत पोचेपर्यंत धुरात बाहेरची हवा मिसळतेय. सेन्सर ती इमानदारीत मोजतोय, कॉम्प्युटर इमानदारीत पेट्रोल ओततोय, आणि ते फुकट जळतंय. बाबांचं एव्हरेज सोळावरून तेरावर आलं होतं, त्याचंही उत्तर हेच.

आणि तेव्हा बाबा म्हणाले, "सकाळी थंड गाडी चालू केली की टिकटिक येते. पाच मिनिटांनी जाते. मी गॅरेजमध्ये सांगितलं होतं, ते म्हणाले टॅपेट असेल, जुनी गाडी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, गाडी रात्रभर थंड असताना, आम्ही तिघं बोनेट उघडून उभे. सेल्फ मारला आणि टिकटिक आली. मेस्त्रींनी जाड ओलं फडकं धरून मागून सायलेन्सरचं तोंड काही सेकंदांपुरतं दाबलं, तशी पुढे फुसफुस सुरू झाली, इंजिन आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडावर. टॉर्च मारला तर पॅकिंगच्या कडेला काजळीचा काळा पट्टा. पॅकिंग एका बाजूने जळलेलं, एक स्टड ढिला.

धूर बाहेर सुटतो हे कळतं, पण हवा आत कशी जाईल असं मलाही वाटलं होतं. तर धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मधे नळीतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि फट तेवढी हवा ओढून घेते. आयडलिंगला ठोके संथ, धूर कमी, त्यामुळे या हवेचा वाटा मोठा. रेस दिली की तो वाटा नगण्य होतो. गाडी तापली की लोखंड फुगतं, फट थोडी मिटते, टिकटिक ऐकू येत नाही. गळती मात्र पूर्ण बंद होत नाही. आकडे आणि आवाज दोन्ही जुळले.

आता दिवा मुळात धुरासाठी आहे, हे मी सुरुवातीला का लक्षात ठेवायला सांगितलं ते बघा. मॅनिफोल्डच्या जोडातून सुटणारा धूर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा असतो, म्हणजे अजिबात साफ न झालेला. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला ना रंग ना वास. आणि केबिनमध्ये बाहेरची हवा येते ती काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून, बोनेटच्या अगदी मागून. आई दोन-तीन महिने म्हणत होती की गाडीत बसलं की डोकं धरतं. ऊन, भूक, रस्ता, कारणं दहा असू शकतात. पण त्या सकाळी ते वाक्य आम्हा तिघांनाही एकदमच आठवलं आणि मेस्त्री म्हणाले, "आज गाडी बाहेर काढू नका, सामान मी घेऊन येतो."

पॅकिंग साडेतीनशे रुपये. दोन स्टड आणि मजुरी धरून सोळाशेच्या आत सगळं झालं. कोड पुसला. परतताना मीच गाडी घेऊन पुण्याला आलो. ट्रिम पूर्ण रस्ताभर अधिक ५ च्या आसपास. आठवड्यानेही दिवा नाही.

जाता जाता दोन गोष्टी, कारण मेसेजमध्ये हे हमखास विचारलं जाईल. दिवा स्थिर पिवळा असेल आणि गाडी नीट चालत असेल तर एक-दोन दिवसांत बघा, रस्त्यात थांबायची गरज नाही. पण तोच दिवा लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग करत असेल, तर वेग कमी करून बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि काही किलोमीटरांत कन्व्हर्टर भाजून निघतो. तिथे कोड बहुधा पी०३०० च्या घरातला असेल, पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा. लाल दिवा, ऑइल किंवा टेम्परेचरचा, हा वेगळा विषय. तिथे स्कॅनर नाही, चावी बंद.

आणि जुनी गाडी विकत घ्यायला जाल तेव्हा अ‍ॅडॅप्टर खिशात ठेवा. कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका. अ‍ॅपमध्ये "रेडिनेस" नावाचं पान असतं, गाडीने स्वतःच्या कुठल्या तपासण्या पूर्ण केल्यात ते दाखवणारं. सगळ्या "अपूर्ण" असतील तर दोष कालच पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. बऱ्याच गाड्या "कोड पुसल्यापासून किती किलोमीटर" हाही आकडा देतात. मागच्याच महिन्यात मित्रासोबत एक गाडी बघायला गेलो होतो, मालक म्हणाले वर्षभर काहीही काम निघालेलं नाही. आकडा होता ९ किलोमीटर. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

बाबांची गाडी सध्या साताऱ्यातच आहे. अ‍ॅडॅप्टर त्यांनी माझ्याकडून ठेवून घेतलाय, टीव्हीच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. दर रविवारी ट्रिमचा स्क्रीनशॉट येतो, खाली एक ओळ असते: "ठीक आहे ना रे?"